‘गाठी विरघळवून देते’ म्हणाल्या आणि मी २१ हजार मोजले

दोन वर्षांपूर्वी माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबायला लागली. हनुवटीवर राठ केस आले. सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयातून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास, निघाला. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, वजन उतरवायला सांगितलं आणि हेही सांगितलं की हे मुळापासून जात नाही, ताब्यात ठेवावं लागतं. घरात माझ्या लग्नाचं बघत होते. मला ‘जात नाही’ हे ऐकायचंच नव्हतं.

आत्याच्या भिशीतल्या एका काकूंनी कोल्हापुरात राजारामपुरीतलं एक उपचार केंद्र सुचवलं. तिथल्या मॅडमनी माझ्या रिपोर्टवरच्या काळ्या ठिपक्यांभोवती पेनानं गोल काढले. “ह्या बघ तुझ्या गाठी. सहा महिन्यांत विरघळवून देते, लेखी गॅरंटी.” महिन्याचे साडेतीन हजार, सगळे आगाऊ, रोख. पावती नाही. पावडरीच्या पुड्यांवर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना तारीख. आणि डॉक्टरांच्या गोळ्या त्याच दिवशी बंद.

चौथ्या दिवशी पाळी आली! मी अंबाबाईची ओटी भरून आले.

पुढं चार महिने काहीच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, “पथ्य मोडलं असशील.” बहिणीच्या साखरपुड्यात खाल्लेल्या पांढऱ्या रश्श्यानंच सगळं बिघडलं, असं मला खरंच वाटायचं. मग एकदाची पाळी सुरू झाली ती सतरा दिवस थांबेना. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. हिमोग्लोबिन ७.४ निघालं.

डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यांनी समजावलं. ते ठिपके म्हणजे गाठी नव्हेतच. पूर्ण न वाढलेल्या बीजाच्या बारीक पिशव्या असतात त्या, विरघळवण्यासारखं त्यात काही नसतं. चौथ्या दिवसाची पाळीही पावडरीची नव्हती. हार्मोनच्या गोळ्या थांबवल्या की दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतोच. आणि बीज बाहेर पडत नसेल तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग असं कोसळतं. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर वाट बघत बसायचं नसतं, दाखवायचं असतं.

पाळीच्या तक्रारी बऱ्या करतो अशी औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला नंतर कळलं. केंद्राच्या दारावरच्या फलकावर नेमकं तेच लिहिलं होतं. फलकाचा फोटो आणि उरलेल्या पुड्या घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार दिली. पैसे परत मागायला केंद्रात गेले, ते मात्र मिळाले नाहीत. “सहावा महिना पुरा केला नाहीस,” मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी केंद्राबाहेर बाकावर एक मुलगी आईबरोबर बसली होती. हातात तसाच रिपोर्ट. जिन्यात त्यांना थांबवून मी म्हटलं, “मावशी, पैसे द्यायचे की नाही ते नंतर ठरवा, पण हिच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.”