नकाशाचं ॲप आणि आत्यांचं कॅलेंडर : सोलापुरातून चौदा रविवार

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा घरात ठरलं, महिन्यातून निदान दोन रविवार सकाळी बाहेर पडायचं आणि रात्री जेवायला घरी यायचं. मुक्काम नाही. मुक्काम म्हटलं की खर्च दुप्पट, आणि घरी पाणी कोण भरणार? (सोलापूरकरांना हे समजावायला नको. आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, आणि तो वार रविवारी पडला की सहल गेली.) जानेवारी संपेपर्यंत चौदा सहली झाल्या. सगळ्यांची आखणी फोनातल्या नकाशाच्या ॲपवर केली. नाव घेत नाही, बहुतेकांच्या फोनात असतं त्यातलंच एक.

आम्ही माणसं पाच. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. वय ७६, गुडघे कुरकुरतात, पण गाडीत बसायला सगळ्यांच्या आधी तयार. गाडी जुनी, सेकंड हँड, सीएनजीवर चालणारी. हे सांगतेय कारण ॲप दाखवतं ती वेळ एकट्या तरुण माणसाची असते. आमच्यासारख्यांनी दर दीड तासाला वीस मिनिटं आपली आपण वाढवायची.

आधी जे खरंच आवडलं ते. ठिकाणं साठवून ठेवायची सोय उत्तम आहे. पहिल्याच आठवड्यात मी तीन याद्या केल्या : अर्धा दिवस, पूर्ण दिवस आणि ‘पावसातच’. कुणाच्या लग्नात कुणी काही ठिकाण सांगितलं की तिथल्या तिथं खूण करून टाकायची. आता नकाशा उघडला की सोलापूरभोवती पिवळे झेंडे दिसतात, आणि एका दिशेचे दोन-तीन झेंडे एका दिवसात कसे बसतील हे लगेच डोळ्यांपुढं येतं. माचणूर आणि मंगळवेढा एकत्र केलं ते असंच. भीमेकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ आणि औरंगजेबाच्या छावणीच्या वेळचा किल्ला दुपारपर्यंत, मग मंगळवेढ्यात चोखोबांचं दर्शन आणि येताना मालदांडी ज्वारीचं एक पोतं. ज्वारीची कल्पना ह्यांची. डिकी भरली आणि बाकीचं सामान माझ्या मांडीवर आलं.

चौपदरी रस्त्यांवर वेळेचा अंदाज अचूक निघतो. विजापूर शंभर किलोमीटर, पावणेदोन तास दाखवले आणि आसरा चौकातून निघून आम्ही तेवढ्याच वेळात गोल घुमटापाशी होतो. एक सांगते, घुमटाच्या वरच्या सज्जातली कुजबुज ऐकायची असेल तर उघडायच्या वेळेलाच, सकाळी लवकर पोचा. आम्ही अकराला चढलो तेव्हा शाळेच्या दोन सहली वर होत्या आणि प्रत्येक पोरगं आपलं नाव ओरडून बघत होतं. कुजबुज कसली, कानठळ्या बसल्या. आत्या खाली बागेत बसून होत्या, त्या म्हणाल्या, मला इथवर ऐकू येत होतं.

आता तक्रारी.

पहिली नावांची. हत्तरसंग कुडलला जायचं होतं. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटरवर भीमा आणि सीना मिळतात, तिथं. मी नुसतं ‘कुडाळ’ लिहिलं तर ॲपनं सिंधुदुर्गात नेऊन सोडलं. ‘कुडल संगम’ लिहिलं तर विजापूरच्याही पुढं, कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, बसवण्णांच्या कूडलसंगमाला. दोन्ही ठिकाणं खरी, आमचं यातलं एकही नव्हे. आधी तालुक्याचं नाव घाला, दक्षिण सोलापूर, मग सापडतं. गाणगापूरचंही तसंच. रेल्वे स्टेशनचं नाव ‘गाणगापूर रोड’, आणि तिथून देऊळ वीसेक किलोमीटर लांब. विजापूरचं विजयपुरा झालं, गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. घरात मात्र जुनी-नवी दोन्ही नावं चालतात. शोधताना दोन्ही नावं घालून बघा.

दुसरी तक्रार याच सहलीतली, आणि हिच्यासाठी मी एक तारा सरळ कापलाय. मंद्रूप ओलांडल्यावर ॲपनं सांगितलं, इथून आत वळा, अकरा मिनिटं वाचतील. ऑगस्टचा महिना, आदल्या रात्री पाऊस झालेला. तो रस्ता म्हणजे उसातली पाणंद होती. आपली काळी माती ओली झाली की काय करते ते ॲपला कुणी शिकवलेलं नाही. शंभर पावलांत चाकं मातीनं लडबडून फिरायची थांबली. मुलं खाली उतरली, चपला तिथंच रुतल्या. ट्रॅक्टरवाल्या एका मामांनी ओढून काढलं, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, “नकाशा बघून आलाव न्हवं? ह्या पावसाळ्यातले तुम्ही तिसरे.” तेव्हापासून आमचा नियम आहे : जून ते ऑक्टोबर ॲपनं जवळचा रस्ता सुचवला की लांबचा धरायचा, आणि आत वळायच्या आधी एसटीच्या थांब्यावर कुणाला तरी विचारायचं. एसटी जाते तो रस्ता खरा.

पण कुडलला पोचल्यावर चिखल विसरायला झालं. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होइवा’, जो हे वाचेल तो विजयी होईल. माझ्या मुलानं मान वर करून दहा मिनिटं अक्षरं लावायचा प्रयत्न केला, एक-दोन लागली. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. धाकटीनं मोजायला घेतलं आणि चाळिसाला सोडून दिलं. हे सगळं ॲपवर ‘प्राचीन मंदिर, ४.६’ एवढ्यात संपतं. लेख नेमका कुठं बघायचा ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी लिहून आले.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, माहीत नाही. ॲपला अंतर कळतं, तिथी कळत नाही. आणि आपल्या बाजूला फिरायचं तर निम्मा हिशेब तिथीचा असतो.

डिसेंबरात नळदुर्ग-अणदूर ठरवलं होतं. अणदूरच्या खंडोबाचं देऊळ ॲपवर उघडं, तारे भरपूर, फोटो भरपूर. आदल्या रात्री मी आत्यांना म्हटलं, आधी अणदूरला खंडोबा करू, मग किल्ला. त्या ताट पुसत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “मार्गशीर्ष चालू हाय की. देव तिथं कुठाय? मैलारपूरला गेलाय.” खंडोबा साधारण दहा महिने अणदूरला असतो आणि दोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. दोन गावांत तसा ठरावच आहे. मूर्ती एक, देवळं दोन, आणि नकाशावर वर्षभर दोन्हीकडं सारखीच लाल खूण. आम्ही मैलारपूरला गेलो, देव भेटला. आत्या परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत, पण खिडकीतून बघत हसत होत्या.

ह्याच्याही आधी ऑक्टोबरात जे झालं त्याला चूक आमची. धाराशिवची लेणी आणि तेर असा बेत होता. तुळजापूरवरून जायचं, रस्ता मक्खन. कोजागिरीच्या आदला दिवस होता हे आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं. सोलापूर-तुळजापूर रस्ता त्या वेळी चालत जाणाऱ्यांचा असतो. वाहनं बंद करून दुसरीकडून वळवतात, पेपरात आधी छापूनही येतं. ॲपवर मात्र निळी रेघ थेट तुळजापुरापर्यंत. तुळजापूर नाक्यावर पोलिसानं थांबवलं आणि ह्यांनी त्याला फोन दाखवला. पोलिसानं फोनकडं बघितलं, मग मागं रस्ताभर चाललेल्या माणसांकडं बघितलं. पुढं काही बोलायची गरजच पडली नाही. ‘आई राजा उदो उदो’ चालू, कडेला कुणी केळी वाटतंय, कुणी चहा, कुणी चालणाऱ्यांच्या पायांना तेल लावतंय. आत्यांनी गाडीतूनच हात जोडले. मग बार्शी रस्त्यानं निघालो, वैरागमार्गे बार्शीला भगवंताचं दर्शन घेतलं आणि तिथूनच माघारी फिरलो. लेणी राहिली, तेर राहिलं.

त्या रात्री स्वयंपाकघरातलं कालनिर्णय मी बैठकीत आणून टांगलं. आता कुठलाही बेत आधी त्याच्यावर तपासायचा. पंढरपूर एकादशीला नाही. अक्कलकोट गुरुवारी नाही, पौर्णिमेला तुळजापूर नाही, मंगळवार-शुक्रवारही नाही. आणि नवरात्राच्या आधी देवी मंचकी निद्रेत असते ते दिवस वेगळे. ह्यातलं मला निम्मंही माहीत नव्हतं, लग्नाला सतरा वर्षं झाली तरी. उलटंही खरं : गर्दीतच जायचं असेल तर हेच दिवस धरा.

दुपारचा हिशेबही ॲपला जमत नाही. गाणगापूरला माध्यान्हीच्या वेळी माधुकरी असते, दत्त महाराज त्या वेळी भिक्षेला येतात ही श्रद्धा. आत्यांना त्याच वेळी तिथं असायचं होतं. ॲपमध्ये ‘इतक्या वाजता पोचायचं’ असं देता येतं, साडेअकरा दिलं, त्यानं निघायची वेळ सांगितली. त्यात अक्कलकोटचा चहा नव्हता, आत्यांचे दोन थांबे नव्हते. आम्ही सांगितल्यापेक्षा सव्वा तास आधी निघालो आणि बरोबर पोचलो. हद्दीच्या आसपास फोनची रेंज जाते-येते, म्हणून तेवढ्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्या. हे फार कामाला आलं, ॲपला पूर्ण गुण. पाट्या कानडीत सुरू झाल्यावर ह्यांची आजोळची कानडीही कामाला आली, तिला त्याहून जास्त गुण.

नळदुर्गाबद्दल थोडं. नर-मादी धबधबे बोरी नदीचा बंधारा भरून वाहू लागला तरच दिसतात. बंधाऱ्याच्या भिंतीतच आदिलशाहीतला पाणी महाल आहे, आत उभं राहून डोक्यावरून पाणी पडताना बघायचं. ॲपवरचे सुंदर फोटो बघून माझी बहीण मे महिन्यात जाऊन आली होती. कोरडा दगड बघून, दुपारच्या उन्हात, चिडून. फोटो नेहमी ‘नवीन आधी’ असे लावून बघा आणि खालची तारीख वाचा. आम्ही सप्टेंबरात असंच केलं. चार दिवसांपूर्वीच्या एका फोटोत पाणी दिसलं आणि दुसऱ्या दिवशी निघालो. आठ महिन्यांतली सर्वांत चांगली सहल ती. खायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही होतं, त्यामुळं हॉटेल शोधायची भानगड नाही. तसंही रस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्याला ४.२ तारे असतात, त्यातून काही कळत नाही.

एसटीनं जाणाऱ्यांसाठी ॲप जवळजवळ निरुपयोगी आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या खुणेवर बोट ठेवलं तर सोलापूर-अक्कलकोट मार्गावर मला दिवसात दोन गाड्या दाखवल्या. स्टँडवर उभं राहिलं तर एकामागून एक लागतात. गाडी गॅरेजात होती तेव्हा आत्या आणि मी दोघीच अक्कलकोटला एसटीनं गेलो. त्यांचं वय ७५ च्या वर, तिकीट शून्य, माझं अर्धं. त्यांना त्या शून्य तिकिटाचा केवढा अभिमान, कंडक्टरनं दिलेला कागद पर्समध्ये जपून ठेवलाय. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे हे गाणगापूर-विजापूरचा विचार करताना लक्षात ठेवा.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सकाळी गेलो, काळवीट दिसले, माळढोक दिसला नाही. तो आता दिसणं हेच नवल. ॲपनं रस्ता नीट दाखवला, एवढंच.

पाचपैकी साडेतीन देते. मोठा रस्ता, याद्या आणि उतरवलेला नकाशा यांचे हे गुण. पाणंदीचा एक गेला, एसटीचा अर्धा.

फेब्रुवारीच्या शेवटापासून ऊन्ह वाढतं, देवळाच्या फरशीवर अनवाणी चालणं आत्यांना झेपत नाही, म्हणून त्याआधी तेर उरकायचंय. गोरोबाकाकांचं देऊळ, त्रिविक्रमाचं जुनं विटांचं देऊळ आणि संग्रहालय. झेंडा लावलेला आहे, रस्ता उतरवून घेतलेला आहे, तिथी आत्यांनी बघितली आहे. आता पाणी शनिवारी आलं म्हणजे झालं.