चीज ब्रेड करायचा तर उंडो घ्या

गोव्यात राहत असाल आणि घरी चीज ब्रेड करायचा असेल, तर पाव पोदेराकडचाच, म्हणजे भोंगा वाजवत दारोदार येणाऱ्या पाववाल्याकडचाच घ्या, आणि त्यातही उंडो नावाचा गोल पाव घ्या. पाकिटातला स्लाइस ब्रेड, सुपरमार्केटमधला लांबडा तयार गार्लिक लोफ, घरी मळलेल्या पिठाचा ब्रेड, हे सगळं आमच्या फोंड्याच्या घरात करून झालंय. तरीही संध्याकाळी चार-साडेचार वाजले की माझं लक्ष पोदेराच्या भोंग्याकडेच असतं.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पोदेराच्या टोपलीत एकाच प्रकारचा पाव नसतो. मऊ, एकमेकांना चिकटलेले चौकोनी पाव असतात. कात्रीने कापून आकार दिलेला कात्रे पाव असतो. कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ पोयी असते. बांगडीच्या आकाराचं कडकडीत कांकण असतं, ते चहात बुडवून खायचं. आणि उंडो, म्हणजे गोल, वरून टणक, मधोमध चीर असलेला, आत मात्र पोकळ जाळीचा. भाजी-पाव खाताना आमच्याकडे उंड्यावरून भांडणं होतात. चीज ब्रेडसाठीही तोच का, याला कारण आहे.

स्लाइस ब्रेडवर बटर लावून चीज पसरलं की वितळलेलं बटर सरळ खाली झिरपतं. तळ तेलकट, मधला भाग लिबलिबीत आणि कडा मात्र करपलेल्या. तो ब्रेड मुळातच मऊ राहण्यासाठी केलेला असतो, त्याला कवच नसतं. उंड्याचं कवच लाकडावर तापलेल्या विटांच्या भट्टीत होतं. भट्टीच्या भिंतींत आणि तळात साठलेली उष्णता एकदम पावावर पडते, कोंडलेली वाफ फिरत असते, म्हणून वरचं आवरण पातळ पण कडक होतं आणि आतला भाग भराभर फुगतो. घरच्या ओटीजीचा, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनचा, काटा २५० अंशांवर नेला तरी पत्र्याच्या डब्यात ती साठलेली उष्णता कुठून येणार? उंड्याचं हे कवच बटर आणि चीज दोन्ही आत धरून ठेवतं. खाली गळत नाही, हातात घेतला तरी मोडत नाही.

माझी पद्धत सांगते. दातेरी सुरी घ्या, साध्या सुरीने कवच दबतं आणि आतली जाळी बसते. उंड्यावर आधी उभ्या तीन-चार चिरा द्या, मग आडव्या. सुरी खालच्या कवचाच्या एक बोट वर थांबवायची. सुरी कवचातून जाताना कुर्रकन आवाज येतो आणि पाटावर कण उडतात. आवाज आला नाही तर उंडो शिळा किंवा दमट आहे असं समजा. मग अंगठ्याने एकेक चीर हलकेच उघडून आधी लसणीचं बटर भरायचं, त्यावर किसलेलं चीज दाबायचं. वरून चीजचा ढीग घालू नका. ते चिरांच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे घास तोडताना प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंना येतं.

चार उंड्यांना साधारण ६० ग्रॅम बटर आणि आठ-दहा पाकळ्या लसूण पुरते. लसूण ठेचून लगेच न वापरता दहा मिनिटं तशीच ठेवा. पाकळी ठेचल्यावरच तिचा तो झणझणीत वास तयार व्हायला लागतो, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. बटर वितळवायचं नाही, मऊ झालेल्या बटरात लसूण, भरपूर कोथिंबीर आणि भरड मिरची कालवायची. मी काणकोणातल्या खोला गावची मिरची वापरते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग लालभडक आणि तिखटपणा बेताचा, म्हणून चीजची चव मारली जात नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलं की वर्षाची मिरची आणून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, त्यातलीच मूठभर कोरडी भाजून भरड करते. बाटलीतले चिली फ्लेक्स बहुतेक वेळा नुसत्या बियाच असतात.

आता चीज. इथे मात्र लोकांचा फार गोंधळ होतो. तार येण्यासाठी मोझरेला आणि चवीसाठी प्रोसेस्ड, दोन्ही मिळून घ्या. मोझरेला करताना दुधाची साय नव्हे, तर दही लावल्यासारखं जमलेलं दूध गरम पाण्यात ताणतात. त्यातल्या प्रथिनांची कॅल्शियमने बांधलेली जाळी तापली की लांबते, तीच तार. पण मोझरेलाची चव सौम्य असते. अमूलच्या निळ्या डब्यातल्या किंवा क्यूबच्या प्रोसेस्ड चीजला मीठ आणि खमंगपणा असतो. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते गुळगुळीत वितळतं, तूप सुटत नाही, पण त्याला तार येत नाही. एका उंड्याला २५ ग्रॅम मोझरेला आणि अर्धा क्यूब प्रोसेस्ड, हे प्रमाण आमच्या घरी ठरून गेलंय. अमूलचा क्यूब २५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे वजनकाटा काढावा लागत नाही. मोझरेला फ्रीझरमध्ये असेल तर आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवून ठेवा. गोठलेलं किसायला गेलं की भुगा होतो.

किसून मिळणाऱ्या पाकिटांपेक्षा अख्खा तुकडा आणून घरी किसलेला बरा. किसलेले तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना स्टार्चसारखं काहीतरी लावलेलं असतं, त्यामुळे ते तितकंसं एकजीव होत नाही. घाई असेल तर तेही चालतं. चीज स्प्रेड मात्र नको, त्यात पाणी जास्त, उंड्याचं सगळं कवच मऊ पडतं. पनीर किसून घालणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट: उकळतं दूध आंबट घालून फाडलेलं असल्यामुळे पनीर वितळतच नाही. भाजलेलं पनीर म्हणून ते छान लागतं, पण चीज ब्रेड म्हणून नाही.

एक गोष्ट चिडून सांगते. बाजारातल्या एका दुकानात पिझ्झ्यासाठी म्हणून स्वस्तातलं किलोचं पाकीट मिळतं. पुढे मोठा पिझ्झ्याचा फोटो, मागे बारीक अक्षरांत घटकांमध्ये वनस्पती तेल वरच्या क्रमांकावर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियमच आहे, त्यामुळे वर जे लिहिलंय ते त्यात सगळ्यात जास्त आहे हे नक्की. ते तापलं की पिवळं तेल सुटतं आणि थंड झालं की टाळूला मेणाचा थर बसतो. मुलांच्या पोटात जाणारी वस्तू आहे. पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका. शाकाहारी घरांनी हिरवा ठिपकाही बघा. काही परदेशी चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध जमवणाऱ्या द्रव्याने, केलेली असतात, आपल्याकडची हिरव्या ठिपक्याची चीज सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटने केलेली असतात.

भाजण्याला फार वेळ लागत नाही. ओटीजी १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून ठेवायचा, दोन्ही रॉड चालू. उंडे फॉइलमध्ये सैल गुंडाळून आठ-दहा मिनिटं, मग फॉइल वरून उघडून आणखी चार-पाच मिनिटं. चीज बुडबुडायला लागलं आणि एक-दोन तांबूस ठिपके दिसले की बाहेर. त्यापुढे ठेवलंत तर चीजमधली चरबी सुटते, प्रथिनं आवळतात आणि तार जाऊन रबर उरतं. मायक्रोवेव्हमध्ये करू नका, पाव आधी ओला आणि दोन मिनिटांत चामड्यासारखा होतो. ताटात आल्यावर पाच मिनिटांच्या आत खाऊन संपवायचा. मागवलेला चीज ब्रेड म्हणूनच मला पटत नाही. घरी येईपर्यंत त्याचं चीज आवळलेलं असतं आणि खोक्यातल्या वाफेने पाव भिजलेला.

ओव्हन नसेल तर उंड्याऐवजी पोयी घ्या. माझ्या जावेकडे ओव्हन नाही, आणि तिची पोयी माझ्या उंड्याच्या तोडीस तोड होते. पोयीला आधीच खिसा असतो. एका बाजूने चीर देऊन आत बटर-लसूण आणि चीज भरायचं, बिडाच्या तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. तव्यावर टाकण्याआधी पोयीवरचा कोंडा कोरड्या फडक्याने झटकून टाका, नाहीतर तो जळतो आणि सगळ्याला कडवट वास लागतो. पोयीत गव्हाचं पीठ असल्याने चवीला ती जरा जड, पण पोटभरीची. साधा पाव आणि कात्रे पावही चालतात, मुलांना तेच आवडतात, पण त्यांना बटर कमी लावा.

घरी पीठ मळून करायची हौस असेल तर जरूर करा, गोव्याची हवा त्याला साथ देते. पाव किलो मैदा, दीडशे मिली कोमट पाणी, चमचाभर यीस्ट, चमचाभर मीठ, थोडी साखर. मे महिन्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होतं. ब्रेड चांगला होतो, मऊ होतो. फक्त ते कवच येत नाही, आणि चीज ब्रेडमध्ये मला ते कवच हवं असतं.

पोदेराबद्दलही स्पष्ट लिहिते. आमच्या वाड्यावर येणारा पोदेर वेळेचा पक्का आहे, टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला सारून हाताला जाणवेल असा गरम पाव देतो, आणि उंडे संपले असतील तर लांबूनच ओरडतो, "वयनी, उंडे सोंपले, पोयो आसात!" इतक्या कमी पैशांत या दर्जाचा पाव मला दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही. उणीव एकच, पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर टोपली घट्ट झाकावी लागते, गरम पावाची वाफ आतच कोंडते आणि घरी येईपर्यंत उंड्याचं कवच मऊ पडलेलं असतं. यात त्याचा दोष नाही. अशा दिवसांत रिकामा उंडो तापलेल्या ओव्हनमध्ये चार मिनिटं ठेवून कडक करा, गार होऊ द्या, मग चिरा. पोदेराच्या पावात टिकवण्याची द्रव्यं नसतात, म्हणून दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पाव आणखी लवकर शिळा होतो. जास्त आणला असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका.

सासूबाई सांगतात की त्यांच्या लहानपणी पाव घरात आला तरी स्वयंपाकघरात येत नसे. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, त्यांच्याबरोबर हा पाव आला, आणि पाव खाल्ला म्हणजे बाटलं ही धास्ती हिंदू घरांत पिढ्यान् पिढ्या राहिली. तेव्हा यीस्ट नसे, माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, पीठ आंबवत. आता जवळपास सगळीकडे यीस्टच वापरतात. त्याच सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत आणि उंड्याचा मधला, सगळ्यात चीज असलेला तुकडा स्वतःकडे ओढून घेतात. सोमवारी त्या लसूण खात नाहीत. त्यांच्यासाठी बटरात मिरपूड, बारीक चिरलेला कढीपत्ता आणि हिरवी मिरची घालते. खरं सांगायचं तर कढीपत्त्याचा उंडो मला लसणीपेक्षाही आवडायला लागलाय, गरम बटरात तो कुरकुरीत होतो आणि त्याचा वास थेट चीजमध्ये उतरतो.

लाकूड, मैदा, माणसं, सगळंच महाग झालंय आणि कितीतरी जुन्या भट्ट्या बंद पडल्या आहेत. म्हणून चार पाहुणे येणार असतील तर मी आदल्या संध्याकाळीच पोदेराला सांगून ठेवते की उद्या उंडे जास्त लागतील, जरा जास्त भाजलेले दे. तो तसे वेगळे काढून आणतो. तुम्हीही सांगून बघा. फक्त चीज ब्रेड संध्याकाळी सातला करणार असाल तर चारचा पाव घ्या, सकाळचा नको.