जळगावच्या उन्हात १४ महिने: फिलर स्लॅब, रॅट-ट्रॅप भिंत आणि पांढऱ्या गच्चीच्या घराचा अनुभव

२०२४ च्या आखाजीला (अक्षय तृतीयेला), म्हणजे १० मे रोजी, आम्ही या घरात राहायला आलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आता १४ महिने झाले. दोन उन्हाळे, एक सबंध पावसाळा आणि एक हिवाळा या भिंतींच्या आत काढला, म्हणून आता लिहायला बसले. घर बांधायचं ठरलं तेव्हा मी असाच अनुभव शोधत होते. नव्या घरांचे सुंदर फोटो पुष्कळ मिळाले, पण मे महिन्यात रात्री ११ वाजता त्या घरात झोप लागते का, हे कुणी सांगत नव्हतं.

घर साधंच आहे. १,०५० चौरस फूट, एकमजली. फ्लाय ॲशच्या, म्हणजे राखेच्या विटांची रॅट-ट्रॅप भिंत (पोटात पोकळी असलेली), मंगलोरी कौलं घातलेला फिलर स्लॅब (काही काँक्रीटच्या जागी कौलं), त्यावर कोबा आणि पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक. पश्चिमेच्या बाजूला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली. गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर. ‘ग्रीन’ म्हणजे पर्यावरणस्नेही घराचं प्रमाणपत्र कुठलंही घेतलेलं नाही.

याआधी नऊ वर्षं आम्ही भाड्याच्या घरात होतो, वरच्या मजल्यावर. डोक्यावर उघडा स्लॅब. दुपारी जेवढं तापायचं त्याहून जास्त त्रास रात्री व्हायचा, कारण दिवसभर प्यायलेलं ऊन तो स्लॅब रात्री १०-११ पर्यंत खोलीत सोडत राहायचा. सासूबाई रात्री फरशीवर पाणी ओतून ओला पंचा अंगावर घेऊन पडायच्या. लहानपणी त्यांच्या माहेरी धाब्याचं घर होतं. लाकडी सरे, वर पांढऱ्या मातीचा हातभर जाड थर. ‘आमच्या धाब्याखाली दुपारी गोधडी घ्यावी वाटायची,’ असं त्या दर उन्हाळ्यात म्हणायच्या. मला ते आठवणींतलं कौतुक वाटायचं. घर बांधायला घेतलं तेव्हा कळलं की त्या नेमकी गोष्ट सांगत होत्या: छप्पर जाड असेल, त्यात हवा अडकलेली असेल, तर ऊन खाली उतरत नाही.

छपराचंच आधी सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे सगळा खेळ छपराचा आहे. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर येतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो तोच. म्हणजे ऐन तापमानाच्या दिवसांत भिंतींपेक्षा कितीतरी जास्त ऊन गच्ची झेलते. तरी घर बांधताना लोक दर्शनी भिंतीवर लाखभर रुपये घालतात आणि गच्चीच्या वेळी हात आखडता घेतात.

फिलर स्लॅबची कल्पना सोपी आहे. स्लॅबचा खालचा भाग ताणात असतो, तिथला ताण लोखंड पेलतं. सळयांच्या मधलं खालचं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. मग त्या जागी कौलं बसवायची. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये हे तंत्र वर्षानुवर्षं वापरलं, रॅट-ट्रॅप भिंतही त्यांनीच आपल्याकडे लोकप्रिय केली. सिमेंट वाचतं, वजन घटतं आणि एकावर एक पालथ्या ठेवलेल्या दोन कौलांच्या मध्ये हवा अडकून राहते.

आमच्या मिस्तरींना हे अजिबात पटलं नव्हतं. ‘ताई, स्लॅबमध्ये कौलं टाकून कुठं घर उभं राहतं का? उद्या काही झालं तर नाव माझं जाईल.’ त्यांची काळजी खरी होती. आर्किटेक्टने स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा दाखवला, तरी ते गप्पच. शेवटी आम्ही अंगणात चार फूट बाय चार फुटांचा नमुना ओतला, २१ दिवस पाणी मारलं आणि त्यावर मिस्तरींसकट सहा माणसं उभी राहिली. त्यानंतर त्यांनी स्वतः बसून एकेक कौल निवडलं. तडकलेलं कौल बोटाने वाजवलं की बद्द आवाज येतो, चांगलं खणखणतं. कौलं आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवली, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी शोषून घेतात. सेंट्रिंग उतरवलं त्या दिवशी खालून लाल कौलांच्या ओळी दिसल्या आणि मिस्तरींनी गिलावा करायला साफ नकार दिला. ‘हे झाकायचं नाही,’ म्हणाले.

आता आकडे, माझ्या स्वतःच्या नोंदींतले. मे २०२४ च्या शेवटी दुपारी तीनला व्हरांड्याच्या सावलीत ४४ अंश असताना मधल्या खोलीत ३५ होते, पंखा चालू, कूलर बंद. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. त्याच दुपारी शेजारच्या नव्या घराच्या छताला खालून ४२ लागले, आमच्या छताला ३६. आणि रात्री १० वाजता? शेजारी अजून ४०, आमच्याकडे ३४. मला सगळ्यात मोठा फरक हा रात्रीचा वाटतो. सासूबाईंनी ओला पंचा घेणं पहिल्याच आठवड्यात सोडलं. एप्रिल २०२५ मध्येही साधारण असेच आकडे आले. त्या वर्षीचा मे पावसाने लवकरच गार केला, त्यामुळे त्याची तुलना करत नाही.

भिंतीबद्दल. रॅट-ट्रॅपमध्ये विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात, त्यामुळे ९ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा जवळपास एक चतुर्थांश कमी लागतात. भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक वीज केंद्र असल्याने राखेच्या विटा आमच्याकडे सहज मिळतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, पाण्यावरच पक्क्या होतात. शिवाय त्यांचे माप एकसारखे असते, आणि या जोडणीला तेच हवे असते. पण स्वस्त पडेल या आशेवर कुणी राहू नये. विटांत वाचलं ते मजुरीत गेलं, कारण हे काम सावकाश होतं.

तक्रारीही सांगते. रॅट-ट्रॅप भिंतीत कुठेही खिळा ठोकता येत नाही, ड्रिल थेट पोकळीत जातं. टीव्ही, वॉश बेसिन, किचनची कपाटं कुठे येणार हे आधी ठरवून तिथे पोकळी काँक्रीटने भरून घ्यावी लागते. आम्ही स्वयंपाकघरात हे विसरलो आणि मसाल्याचं कपाट आजही जमिनीवर उभं आहे. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या खिडकीच्या तळकडेने पाणी आत आलं. बाहेरून गिलावा नाही, नुसतं पॉइंटिंग आहे, आणि ते करणाऱ्या ठेकेदाराने त्या कोपऱ्यात सांधे पोकळ ठेवले होते. चार फोन केले, तो आला नाही. शेवटी दुसऱ्याकडून करून घेतलं. छतातल्या कौलांच्या खाचांत जाळी-जळमटं फार होतात, लांब काठीचा झाडू कायम हाताशी लागतो. आणि पांढरी गच्ची पांढरी ठेवावी लागते. आमच्याकडची धूळ अशी की होळीपर्यंत ती मातकट होते, मग दोन माणसांनी घासून धुवायची. मळलेली गच्ची ऊन परत फेकत नाही, हे तळपायालाही कळतं.

खिडक्यांनी मला सर्वांत जास्त शिकवलं. दुकानदाराने दुहेरी काचेच्या खिडक्यांचा फार आग्रह केला होता. आर्किटेक्टने एकच सांगितलं: ऊन काचेतून आत आलं की आलंच, मग आतला पडदा कितीही जाड असो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. म्हणून दक्षिणेला दोन फुटांचे छज्जे आणि पश्चिमेच्या एकुलत्या खिडकीला बाहेरून बांबूची चीक (गुंडाळता येणारा पडदा). पश्चिमेचं ऊन संध्याकाळी तिरपं येतं, ते छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरतं, तिथे छज्जा काही कामाचा नाही. चीक १,८०० रुपयांची. दुहेरी काचेच्या तुलनेत काहीच नाही.

पण हे घर चालवावं लागतं, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद, चीक खाली. रात्री नऊनंतर सगळ्या उघड्या, समोरासमोरच्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि भिंती थंड होतात. डासांच्या जाळ्या नसत्या तर हे जमलंच नसतं. गेल्या मे महिन्यात आम्ही आठ दिवस नाशिकला गेलो, घर सगळं बंद. परत आलो तेव्हा आत ३८ अंश होते आणि ते उतरायला दोन रात्री लागल्या. आत आलेली उष्णताही या भिंती लवकर सोडत नाहीत.

विजेचं बिल हे आमच्यासाठी मोठं कारण होतं, ते लपवत नाही. महावितरणच्या घरगुती बिलाचे टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००. जुन्या घरी मे महिन्यात आम्ही ४२० युनिटच्या आसपास जायचो, म्हणजे वरचे युनिट महाग दराने. इथे पहिल्याच मे-जूनच्या बिलात २१० युनिट आले, आणि तेव्हा सोलर बसलेलंही नव्हतं. एसी एकच, सासूबाईंच्या खोलीत, २७ वर ठेवून सोबत पंखा. बाकी कूलर. आमच्या कोरड्या हवेत एप्रिल-मेमध्ये कूलरसारखं दुसरं काही नाही, फक्त समोरची खिडकी उघडी हवी. जूनमध्ये हवा दमट झाली की तो निरुपयोगी.

सोलर नंतर घेतलं, पीएम सूर्यघर योजनेतून. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान खात्यात आलं. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, आमचा वर्षाचा हिशेब त्याच्या थोडा खाली बसतो. लोकांना वाटतं कडक उन्हात जास्त वीज बनते. पॅनेल तापलं की उत्पादन उलट घसरतं, त्यात मेमधली धूळ. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ, गार दिवसांत आमचा सगळ्यात चांगला आकडा आला. दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर पॅनेल धुतो. माझं ठाम मत आहे की आधी गच्ची आणि पश्चिमेची भिंत, मग सोलर. तापणाऱ्या घरावर पॅनेल लावून त्या विजेवर दोन एसी चालवणं म्हणजे आधी कळस मग पाया. आम्ही हा क्रम पाळला म्हणून ३ किलोवॅट पुरले, नाहीतर ५ लागले असते.

ओळखीचे लोक विचारतात, ‘ग्रीन’ घराचं हे वारं अचानक कुठून आलं? अचानक आलेलं नाही. ऊर्जा संरक्षण कायदा २००१ चा. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली, घरांसाठीची इको निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये. छपरातून उष्णता किती उतरावी याची मर्यादा तिथे १.२ अशी घातली आहे (एका चौरस मीटरमागे, आत-बाहेरच्या एका अंशाच्या फरकाला इतके वॅट). उघड्या स्लॅबचा तोच आकडा याच्या अडीच-तीन पट असतो. आमचं घर लहान, संहितेच्या कक्षेत येत नाही, पण आर्किटेक्टने तीच पट्टी लावून गच्ची ठरवली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठे गृहप्रकल्पही कायद्याच्या कक्षेत आले. बिल्डरांना ओढ वेगळी आहे. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीत ‘गृह’ (GRIHA) किंवा आयजीबीसी या हरित इमारतींच्या मानांकनाप्रमाणे ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्तीचं बांधकाम मिळतं. पुणे महापालिका सौरऊर्जा, पाऊसपाणी, गांडूळखत यांपैकी एक असेल तर मिळकत करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते. हे सगळं चांगलं आहे, व्हायलाच हवं. पण जादा एफएसआय बिल्डरला मिळतो आणि बिल आपण भरतो. म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांना माझं सांगणं असं की दारावरच्या मानांकनाच्या पाटीसोबत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचं मे महिन्याचं वीजबिल पाहायला मागा. आणि संध्याकाळी सातला जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावा.

पाऊसपाण्याचं थोडक्यात: साधारण १०० चौरस मीटर गच्ची, आमच्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे कागदावर ७०,००० लिटर. पन्हाळीतून ते गाळणीत आणि तिथून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात जातं. या उन्हाळ्यात बोअर बंद पडली नाही. एका वर्षावरून त्याचं श्रेय खड्ड्याला देत नाही, अजून दोन वर्षं पाहू.

पुन्हा बांधायचं झालं तर पश्चिमेला कडुनिंब घराच्या पायाभरणीआधी लावीन. आम्ही गृहप्रवेशानंतर लावला, तो आता कुठे खिडकीच्या तळकडेला आला आहे. ही दोन वर्षं फुकट गेली.

गेल्या रविवारी मिस्तरी एका जोडप्याला घेऊन आले. त्यांचं घर पिंप्राळ्याकडे सुरू होतंय. मिस्तरी त्यांना छत दाखवत होते, कुठली कौलं घ्यायची, किती वेळ भिजवायची. त्या बाई मात्र गच्चीवर गेल्या आणि पॅनेलकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘ताई, मग बिबडे कुठं वाळवता?’ खरं सांगितलं, यंदा बिबडे (ज्वारीचे पापड) शेजारच्या गच्चीवर वाळवले, कारण पॅनेल मधोमध बसवून घेतले तेव्हा हा विचारच केला नव्हता. त्यांना म्हटलं, पॅनेलवाला येण्याआधी वाळवणाची जागा खडूने आखून ठेवा.