इंग्रजी शब्दयाद्या, लांबी आणि अक्षरांनुसार : स्क्रॅबलसाठी काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर या याद्या हातात घेतल्या आणि आता आंबे संपत आलेत, म्हणजे मत द्यायला हरकत नाही एवढा वापर झालाय. रोज रात्री जेवणं झाली की वहिनीबरोबर ऑनलाइन एक डाव असतोच आमचा, त्यामुळे फरक पडला की नाही ते लगेच कळतं.

आधी मुद्द्याचं. स्क्रॅबल खेळणाऱ्याला डिक्शनरीचा ए टू झेड क्रम काहीही कामाचा नाही. समोर सात टाइल्स (अक्षरांच्या सोंगट्या), त्यातून काय निघतं आणि बोर्डावरच्या शब्दाला पुढेमागे काय चिकटतं, एवढंच तर बघायचं असतं, आणि या याद्या नेमक्या तशाच लावलेल्या असतात. दोन अक्षरी, तीन अक्षरी, क्यू आहे पण यू नाही असे, स्वरच स्वर असलेले, स्वर अजिबात नसलेले, असे गट.

यातली दोन अक्षरी यादी म्हणजे खरा खजिना. 2019 च्या कॉलिन्स यादीत (स्क्रॅबलमध्ये कुठले शब्द चालतात हे ठरवणारी एक यादी) असे 127 शब्द आहेत, दोनतीन आठवड्यांत आरामात पाठ होतात आणि खेळ बदलून जातो, कारण मग शब्द शब्दाला शेजारी समांतर टेकवता येतो. एक उदाहरण सांगते. बोर्डावर टॅक्सी किंवा स्की असा आय अक्षराने संपणारा शब्द आडवा आहे, त्या शेवटच्या आयच्या बरोबर वरचं घर ट्रिपल लेटर, म्हणजे अक्षराचे पॉइंट तिप्पट करणारं, आहे आणि आजूबाजू मोकळी आहे. तिथे क्यू ठेवायचा आणि उजवीकडे आपल्याकडचा आय. क्यू-आय हा शब्द उभाही झाला आणि आडवाही झाला, क्यूचे दहाचे तीस, अधिक एक, असे 31 दोनदा, म्हणजे दोन टाइल्समध्ये 62 पॉइंट! पूर्वी क्यू आला की मी यूची वाट बघत बसायचे, आता क्यू आला की आनंद होतो.

याच यादीतून हेही कळतं की व्ही अक्षराचा दोन अक्षरी शब्द एकसुद्धा नाही. दिसायला किरकोळ गोष्ट, पण पॉइंटमध्ये पुढे असताना बोर्डाचा एखादा कोपरा बंद करायचा असेल तर व्ही सोन्यासारखा, कारण त्याच्या शेजारून समांतर शब्द लावता येत नाही. मग समोरच्याला रेव्ह, लव्ह (एल-यू-व्ही वालं) असे तीन अक्षरी आठवत बसावे लागतात.

यूशिवाय क्यूची यादी तर आपल्या लोकांनी आधी उघडावी. तलाक, कव्वाली, बुरखा, फकीर, वक्फ हे सगळे कॉलिन्समध्ये क्यू घालून चालतात, फक्त स्पेलिंग लक्षात ठेवायचं. क्यू नसलेले पण तसेच चालणारे म्हणजे लाख, क्रोअर, घेराव, लाठी, रोटी, धोती. हे शब्द पाठ करावेच लागत नाहीत, ते चालतात एवढं माहीत असलं की पुरे.

सात अक्षरींसाठी मी झिझिव्हा नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरते, दिसायला जुनाट पण काम चोख. ते अक्षरं ए टू झेड क्रमाने लावून दाखवतं, ए-ई-आय-एन-आर-एस-टी, आणि विचारतं की यातून काय काय बनतं? रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर, अँट्सिअर, शिवाय रेट्सीना, ही ग्रीक वाइन. चुकलेला प्रश्न लवकर परत येतो आणि बरोबर आलेला लांबणीवर जातो, त्यामुळे वेळ फुकट जात नाही. सटायरची सहा अक्षरं घेऊन त्यात एकेक अक्षर घालत जायचं हा प्रकार मला सगळ्यात आवडला, एल घातला की रिअलिस्ट आणि रिटेल्स, डब्ल्यू घातला की वेटर्स, सी घातला की रेसिएस्ट (आर-ए-सी-आय-ई-एस-टी वालं). सातही टाइल्स एकदम लागल्या की वर 50 बोनस, त्यामुळे मेहनत वसूल.

सात अक्षरी यादी लावताना ती शक्यतेच्या क्रमाने लावा, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. 100 टाइल्समध्ये ई 12 आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, आणि के, जे, एक्स, क्यू, झेड फक्त एकेक. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने 1930 च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं होतं. मग जे शब्द हातात येण्याची शक्यता जास्त तेच आधी पाठ करायचे ना, झेडवाले अवघड शब्द घोकून काय उपयोग.

अर्थ माहीत हवा का? नायजेल रिचर्ड्स, 2007 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्या मुंबईत झाली तेव्हाचा विजेता, त्याने 2015 मध्ये फ्रेंच येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, म्हणजे अर्थाशिवाय जमतं हे नक्की. पण माझ्यापुरतं म्हणाल तर अर्थ वाचल्याशिवाय शब्द टिकत नाही. सी-डब्ल्यू-एम हा बिनस्वराचा शब्द मूळचा वेल्श, हिमनदीने कोरलेल्या डोंगरातल्या खोलगट जागेचा, हे वाचलं आणि तो कायमचा बसला. याद्यांमध्ये अर्थ नसतात हीच माझी त्यांच्याविषयी मोठी तक्रार.

दुसरी तक्रार मोबाइलवरच्या एका ॲपची. दर पाच प्रश्नांनी जाहिरात, ते एकवेळ चालवून घेतलं असतं, पण त्यात अमेरिकन आणि कॉलिन्स याद्या एकत्र करून टाकल्यात, कुठे खूणसुद्धा नाही. झेड-ए दोन्हीकडे चालतो, झेड-ओ आणि सी-एच फक्त कॉलिन्समध्ये. हे न कळता पाठ केलं तर ऐन डावात शब्द नाकारला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी आपण खेळतो त्या गेमची सेटिंग उघडून कुठली डिक्शनरी आहे ते बघा, आणि तीच यादी उतरवा. फक्त वर्डल (पाच अक्षरी शब्द ओळखायचा गेम) खेळत असाल तर यातलं बाकी काही नको, पाच अक्षरी यादी तेवढी घ्या.