आयोवाच्या मुलींचा बास्केटबॉल: पडद्यावरून पाहताना

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा 2023-24 चा हंगाम पडद्यावर पाहणे हा पुरेपूर वेळ वसूल करणारा अनुभव आहे. 15 ऑक्टोबर 2023 रोजी किनिक या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, उघड्या आकाशाखाली, डीपॉल विद्यापीठाविरुद्धचा निव्वळ प्रदर्शनीय सामना पाहायला 55,646 प्रेक्षक जमले, तेव्हाच वारे कोणत्या दिशेने वाहत आहे ते दिसू लागले होते. पुढे 7 एप्रिल 2024 च्या, आयोवा खेळलेल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याला अमेरिकेत सरासरी 1 कोटी 80 लाखांहून अधिक दर्शक लाभले आणि महिलांनी पुरुषांच्या अंतिम सामन्याला दर्शकसंख्येत प्रथमच मागे टाकले.

या गर्दीमागे प्रामुख्याने आयोवाची तेव्हाची खेळाडू केटलिन क्लार्क आहे. तीन गुणांच्या रेषेच्याही बरेच मागून, फारसा पवित्रा न घेता ती चेंडू सोडते आणि जाळी हलते. अंतिम सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्याच भागात तिने 18 गुण मिळवले. तरीही प्रतिस्पर्धी साउथ कॅरोलायना विद्यापीठाने तो सामना 87-75 असा जिंकला.

उणीव सांगायची तर कौतुकाचा सारा झोत एकाच खेळाडूवर राहतो. त्याच सामन्यात साउथ कॅरोलायनाच्या कमिला कार्डोसोने रिंगखाली 17 रिबाउंड घेतले, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर परतलेला चेंडू 17 वेळा ताब्यात घेतला. खेळ खरा तिथे फिरला होता, पण चर्चा क्लार्कचीच जास्त झाली. भारतात हा सामना मध्यरात्रीनंतर सुरू झाला, त्यामुळे इथल्या वाचकांनी सामन्याचे रेकॉर्डिंग पाहणेच सोयीचे. मात्र ठळक क्षणांच्या तुकड्यांवर न भागवता पूर्ण सामना पाहावा.