डिस्प्ले गेला: ग्राफिक्स कार्ड बदलायचं, एसएमपीएस की नुसती केबल?

गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळी पडली की संशय थेट ग्राफिक्स कार्डावर जातो. साहजिकच आहे. कॅबिनेटमधला बहुतेक वेळा सगळ्यात महाग भाग तोच, आणि चित्र काढायचं कामही त्याचंच. पण केबल सैल असली, ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) बिघडला, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कमी पडला किंवा रॅम रुसली, तरी शेवटी समोर दिसते ती काळी स्क्रीनच. त्यामुळे नवं कार्ड मागवण्याआधी दोन गोष्टी नीट आठवा: डिस्प्ले नेमका कधी गेला, आणि त्या क्षणी बाकीचा पीसी काय करत होता? एवढ्यावर निम्मे संशयित गळतात. उरलेल्यांची जोडीजोडीने तुलना करू.

केबल-मॉनिटर की कार्ड?

स्क्रीनवर रेघा, रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसत असतील तर त्याच वेळी स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर उघडा. फोनवरही तीच घाण दिसली तर चित्र तयार होतानाच बिघडलंय. म्हणजे कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर गडबड पुढच्या टप्प्यात आहे. तरी लगेच मॉनिटरला दोष देऊ नका. कार्डाचा एखादा पोर्टही खराब असू शकतो, म्हणून आधी दुसऱ्या पोर्टात केबल लावून पाहा.

केबल ओळखायची खूण वेगळी. डिस्प्ले ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) ठणठणीत आणि १४४ किंवा १२० वर नेला की क्षणभर जातो-येतो, असं असेल तर कार्डाला हात लावू नका. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, २.१ ची ४८. फोर-के चित्र पूर्ण रंगांसह १२० हर्ट्झवर न्यायचं तर १८ पुरत नाहीत, आणि ड्रॉवरमध्ये पडलेली जुनी केबल तिथेच मान टाकते. काही स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींत तर विसावी पिन जोडलेली असते, जी नियमानुसार जोडायचीच नसते. तिच्यातून मॉनिटरचा ३.३ व्होल्टचा प्रवाह उलटा कार्डात शिरतो आणि पीसी सुरू होताना विचित्र वागतो. प्रमाणित केबल घेणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

नवा पीसी जोडल्यावर ‘नो सिग्नल’ येत असेल तर केबल मदरबोर्डच्या पोर्टात तर नाही ना, तेही पाहा. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे त्या पोर्टातून काही मिळणारच नाही.

ड्रायव्हर की हार्डवेअर?

इथे बायोसचा, म्हणजे पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जचा, पडदा उपयोगी पडतो, कारण तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून जागाच झालेला नसतो. बायोसमध्येच रेघा आणि ठिपके दिसले आणि केबल-मॉनिटर बदलूनही राहिले, तर ड्रायव्हर निर्दोष. मग विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

बायोस स्वच्छ, पण विंडोजचा लोगो येऊन गेला की डिस्प्ले गायब, हा प्रकार जास्त फसवा. बरेच जण इथे ‘ड्रायव्हरच’ म्हणून मोकळे होतात. पण अर्धवट मेलेलं कार्डही असंच वागतं: मायक्रोसॉफ्टच्या साध्या ड्रायव्हरवर निमूट चालतं आणि खरा ड्रायव्हर चढून काम सुरू झालं की कोसळतं. म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, एकदा नवा आणि एकदा काही महिन्यांपूर्वीचा टाकून पाहा. दोन्हींवर तेच झालं तर संशय हार्डवेअरकडे सरकवा.

खेळताना स्क्रीन दोन-चार सेकंद काळी होऊन परत येत असेल, तर विंडोजने स्वतःच ड्रायव्हर रीसेट केलेला असतो. कार्डाने साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही की ही यंत्रणा जागी होते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबूनही हा रीसेट करता येतो. त्याने डिस्प्ले परत आला तर निदान कार्ड जिवंत आहे हे कळतं.

उलटा प्रकारही आहे. बायोस दिसत नाही, विंडोज मात्र व्यवस्थित. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेत डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ च्या मॉनिटरवर हे होत असे, आणि कंपनीने त्यासाठी फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटही काढलं. जुनं कार्ड नव्या मॉनिटरला जोडलं असेल तर आधी तिकडे बघा.

एसएमपीएस की कार्ड?

सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात ते इथे. फरक असा: स्क्रीन काळी झाली, पण गेमचा आवाज चालू आहे, कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरू लागले, तर पीसी जिवंत आहे आणि फक्त कार्डाने मान टाकली आहे. याउलट झटक्यात सगळंच बंद पडलं किंवा पीसी आपोआप रीस्टार्ट झाला, तर आधी वीज तपासा. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बघून लोक एसएमपीएसला फाशी देतात, पण ती फक्त एवढंच सांगते की पीसी नीट बंद न होता गेला. का गेला, हे तिला माहीत नसतं.

कार्डावर लिहिलेले वॅट ही सरासरी असते. ३५० वॅटचं कार्ड क्षणार्धासाठी त्याच्या बरंच वर उसळी मारतं. जुन्या एसएमपीएसची सुरक्षा यंत्रणा ती उसळी शॉर्ट समजून पुरवठा तोडते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार सोसण्याची अट आली. तपासायला सोपी युक्ती: आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. रीस्टार्ट थांबले तर माझं मत एसएमपीएसच्या विरोधात. पक्का पुरावा नाही हा, कारण आजारी कार्डही कमी भारावर सावरतं. पण महागडी खरेदी करण्याआधी एवढा कौल पुरे.

केबलींची मांडणीही पाहा. स्लॉटमधून ७५ वॅट येतात, ८ पिनांच्या एका कनेक्टरमधून १५०. कार्डाला असे दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा. एकाच केबलच्या दोन शेपट्या वापरू नका. आणि दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर (सुटी होणारी) केबल कधीच नको. टोकं तंतोतंत बसली तरी आतला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग कार्ड खरोखरच जळतं.

नव्या १६ पिनांच्या कनेक्टरवाल्यांनी पीसी बंद करून, प्लग काढून टॉर्चने आत बघावं. कडेची पिन आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय का? खाच बसल्याचा आवाज आला होता का, की कनेक्टर मिलिमीटरभर बाहेर आहे? २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यांत अर्धवट बसवणं हे एक मोठं कारण निघालं. पुढे २०२३ मध्ये सुधारित कनेक्टर आला. रंग बदललेला दिसला तर ती केबल पुन्हा लावू नका.

नाव कार्डाचं, काम दुसऱ्याचं

एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने पळवणारी बायोसमधली सेटिंग) लावलेली रॅम डळमळीत असेल तर क्रॅश हुबेहूब कार्डासारखे दिसतात. एक्सएमपी बंद करून एकदा खेळून बघा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांनी तर कमालच केली. गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडायचा, आणि दोष निघायचा प्रोसेसरला मिळणाऱ्या जास्त व्होल्टेजचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट आधी, कार्डाची चौकशी नंतर. आधीच झालेली झीज मात्र अपडेटने भरून निघत नाही.

कार्डच गेलंय, आता?

खात्रीची चाचणी म्हणजे कार्ड दुसऱ्या पीसीत घालून बघणं. एसएमपीएसवर जरा जरी संशय असेल तर मित्राचं चांगलं कार्ड तुमच्या पीसीत घालू नका. तुमचं त्याच्याकडे न्या.

वॉरंटी असेल तर दुसरा विचारच नको, कार्ड उघडूही नका. ती संपली असेल तर दुरुस्ती कशाची आहे त्यावर ठरवा. पंखा, थर्मल पेस्ट, पॅड, फ्यूज किंवा वीजपुरवठ्याच्या भागातला एखादा मॉसफेट असेल तर दुरुस्ती करून घ्यावी. मेमरीची चिप बदलता येते, पण त्यासाठी योग्य यंत्र आणि सराईत हात लागतो. मुख्य चिपच गेली असेल तर पैसे घालू नका. कार्ड ओव्हनमध्ये भाजून किंवा हीटगनने ‘रीफ्लो’ करून (आतले सोल्डरचे जोड पुन्हा वितळवून) देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. चाललंच तर काही दिवस चालतं आणि परत जातं.

नवं की वापरलेलं? वापरलेलं घ्यायचं तर समोर चालवून घ्या. ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरची व्हिडिओ मेमरी चाचणी लावा, एकही एरर आली तर व्यवहार संपला. सोबत एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचं तापमान बघा. जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी असलेली कार्डं ११० अंशांना टेकली की स्वतःचा वेग कमी करतात, आणि तिथे पोचलेल्या कार्डाला बहुधा नवे पॅड लागतात. तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोला. आणि तुमचा एसएमपीएस जुना असेल तर मोठ्या नव्या कार्डापेक्षा एक पायरी खालचं कार्ड आणि नवा एसएमपीएस ही जोडी मी घेईन.