‘विमानात हातात नेता येते’ म्हणून घेतलेली सायकल

फोल्डिंग सायकल घ्यायच्या विचारात असाल तर आधी माझी फजिती वाचा.

कोचीला जाऊन आठवडाभर सायकल चालवायची असं ठरवलं होतं. पेठेतल्या एका दुकानात २० इंची चाकांची फोल्डिंग सायकल बघितली, किंमत २४,५०० रुपये. मालक म्हणाला, “केबिनला शंभर टक्के चालते साहेब. स्पोर्ट्स आयटमला दहा किलोची सूट असते.” लगेच हूकचा काटा आणून सायकल टांगून दाखवली. ९.८ किलो! सीट, सीटचा दांडा, पेडल आणि कॅरियर शेजारच्या स्टुलावर काढून ठेवलेले मला दिसत होते. “पॅक करताना काढावंच लागतं,” म्हणे. पण काढलेलं सामान काय मी दुकानातच ठेवून विमानात बसणार होतो? ते तेव्हा सुचलं नाही. भाजीवाल्याचा हिशेब दोनदा करणारा माणूस मी, पण तिथे मान डोलावली.

लोहगावला विमानतळाच्या काउंटरवर वजन भरलं १२.४. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर, म्हणजे लांबी-रुंदी-उंची मिळून ११५. घडी घातलेली माझी सायकल ८० × ६० × ३३. मुळात २० इंची चाकच पन्नास सेंटीमीटरचं, ते पस्तिसात मावणार कसं? १६ इंची घेतली असती तरी चाक चाळीसच्या आसपास. काउंटरवरच्या मुलीला दहा किलोच्या सुटीबद्दल विचारलं तर ती बिचारी हसू दाबत म्हणाली, “सर, असं काही नसतं.”

सायकल चेक-इनला टाकावी लागली. बॅग ८ किलोची, दोन्ही मिळून २०.४, मर्यादा १५ची, म्हणून सहा किलोचे जादा पैसे भरले. वर पॅकिंग कच्चं म्हणून, मोडतोड झाली तर जबाबदारी माझी, अशा टॅगवर सही. कोचीला पिशवी उघडली तर मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर अडकवायची पट्टी, वाकलेला. पहिले दोन दिवस मेकॅनिक शोधण्यात गेले.

परत आल्यावर दुकानात गेलो. “सायकल चालते ना? मग?” बिलावर फक्त ‘फोल्डिंग सायकल, १ नग’, मॉडेल नाही, वजन नाही. व्हॉट्सॲपवर त्याच्याशी झालेलं बोलणं उघडलं तर चॅट कोरी. पठ्ठ्याने सात दिवसांत मेसेज गायब होण्याची सेटिंग चालू ठेवली होती आणि वरची ती ओळ मी वाचलीच नव्हती.

विकत घेणारच असाल तर दुकानदाराला सगळे भाग लावून वजन करायला सांगा, घडीची मापं स्वतः टेपने घ्या आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. तो कांकू करू लागला तर तिथूनच मागे फिरा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुरावा एकच. रंग कोणता घेऊ हे विचारायला बायकोला त्या चॅटचा स्क्रीनशॉट पाठवला होता. त्यात सायकलच्या फोटोखाली त्याचं वाक्य आहे, ‘केबिनला १००% चालते, माझी गॅरंटी’. तिने उत्तर दिलं होतं, “निळी घे. पण खरंच चालते का विचार ना एकदा विमानवाल्यांना.”